जुन्या चिनी पोर्सिलेनसाठी एलईडी + यूव्ही वालं 10 एक्स भिंग, घ्यावं का?

घडीचं, दहापट मोठं दाखवणारं (10 एक्स) छोटं भिंग आहे, एका बाजूला पांढरा एलईडी आणि दुसऱ्या बाजूला यूव्ही म्हणजे अतिनील लाईट. जुनं चिनी पोर्सिलेन जमवणाऱ्यांनी जरूर घ्या, फक्त ते लावायचं कुठे हे आधी समजून घ्या कारण बहुतेक जण वस्तू उलटी करतात आणि सरळ बुडावरचा राजवटीचा, म्हणजे त्या वेळच्या सम्राटाच्या नावाचा शिक्का बघत बसतात. शिक्क्यावरून काही ठरत नाही हो! कांगशी सम्राटाच्या काळात (1662 ते 1722) जिंगदेझेनला, म्हणजे चीनमधल्या पोर्सिलेनच्या मुख्य गावात, बनलेल्या कितीतरी वस्तूंवर त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या चेंगहुआ राजवटीचा शिक्का आहे, जुन्या कारागिरीला मान म्हणून घातलेला, आणि 19 व्या शतकाच्या शेवटी तर खुद्द कांगशीचाच शिक्का ढिगाने वापरला गेला. हां, इंग्रजीत 'चायना' लिहिलेलं असेल तर मात्र वस्तू साधारण 1891 नंतरची धरा, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे ते लिहायला लागलं.

तर भिंग लावायचं बुडाच्या कडेला, जिथे ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसते आणि आतली माती उघडी दिसते. खरी झीज कड जिथे टेकते तिथेच असते. नकली मालात खोलगट भाग, जो कशालाच कधी लागत नाही, तोही घासलेला दिसतो. वापराचे ओरखडे कसेही जातात, काही खोल काही उथळ, पॉलिश पेपरने मारलेले एकाच दिशेने ओळीत असतात आणि 10 एक्समध्ये हे इतकं स्वच्छ दिसतं की वाद घालायला जागाच राहत नाही. चहाचं पाणी किंवा रंग चोळून आणलेला जुनेपणाही मातीच्या बारीक छिद्रांत साचलेला दिसतो. ॲसिडने मारलेली चमक सगळीकडे एकसारखी मेलेली असते, हँडलच्या आतल्या सांदीत पण, तिथे कोण कशाला हात लावतंय.

ग्लेझमधले बुडबुडे बघून काळ ठरवणारे बरेच आहेत. जुन्या मालात लहानमोठे मिसळलेले असतात म्हणतात, पण लाकडाच्या भट्टीत भाजलेली आजची कॉपी पण तशीच दिसू शकते, एवढ्यावर पैसे टाकू नका.

आता यूव्ही. चिकटवलेला तडा, नंतर मारलेला रंग हे अंधारात ग्लेझपेक्षा वेगळं चमकतं, म्हणून हा लाईट हवाच. पण यातला 395 नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे, त्याचा स्वतःचा जांभळा उजेडच इतका पडतो की फिकट डागडुजी त्यात बुडून जाते. 365 वाला वेगळा टॉर्च घ्या, याचा एक स्टार त्यासाठीच कापला. भिंगाची काच मात्र एकदम चांगली, कडेलाही चित्र वाकडं होत नाही. फोटोवरून ऑनलाईन घेत असाल तर विक्रेत्याकडे बुडाच्या कडेचा, बाजूने उजेड टाकून काढलेला क्लोजअप मागा, आणि तो द्यायला टाळाटाळ केली तर ती वस्तू सोडून द्या.