पोलादी तारेऐवजी डायनीमा: दोन हंगामांनंतर

माझ्या शिडाच्या बोटीची डोलकाठी उभी धरणारे ताण (आधाराचे दोर) पोलादी तारेऐवजी एसके७८ डायनीमा या अतिमजबूत प्लास्टिक धाग्याच्या दोराचे केले, त्याला दोन हंगाम झाले. दोर इतका हलका की पाण्यावर तरंगतो, आणि तुटक्या तारेसारखी बोटांत कुसळं घुसत नाहीत. पहिल्या महिन्यात दोरावर आलेली धाग्यांची लव पाहून माझी झोपच उडाली होती. ती वरवरचीच निघाली. खरी भीती चकचकीत, कडक पट्ट्याची. आडकाठीच्या (ताणांना डोलकाठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकाशी तसा सापडला. वाकवला, चोळला, तरी मऊ होईना: घर्षणाच्या उष्णतेने धागे वितळले होते. धातूची धार घासली, दोर बदलला. गाठ अजिबात मारू नका, गुंफणच करा, म्हणजे दोराचं टोक त्याच्याच विणीत ओवा. गाठीत जवळपास निम्मी ताकद जाते. आणि हो, सुरुवातीला बांधण्या (ताण आवळून धरणारे दोरीचे वेढे) चारदा आवळाव्या लागल्या, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.