बर्डीवरचं रकान्याचं रजिस्टर : लॉच्या पोरांनी घ्यावं का?

ए-फोर आकार, स्पायरल, १६० पानं, ११० रुपये. नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, मेन रोडच्या आतल्या गल्लीत मिळालं. कव्हरवर कंपनीचं नावगाव काही नाही. प्रत्येक पानावर डावीकडे चार बोटांचा रकाना, उजवीकडे मोठी जागा, खाली सहा-सात ओळींचा चौकोन. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात ही मांडणी सुरू केली. तासाला उजवीकडे लिहायचं, घरी आल्यावर त्यावरचे प्रश्न डावीकडे काढायचे, खाली पानाचा सारांश.

एलएलबीला तो डावा रकाना म्हणजे सोनं आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमांचे आकडे बदलले, पण आमच्या सरांच्या तोंडी खुनाचं जुनं कलम ३०२च बसलेलं. मध्येच थांबतात, "म्हणजे आता १०३," म्हणतात आणि सुसाट पुढे. मी जुनं कलम डावीकडे टाकते, नवं उजवीकडे: ३०२ समोर १०३(१), ४२० समोर ३१८(४). जुनं खोडून चालत नाही, कारण आधीचे सगळे निकाल त्याच आकड्यांनी वाचायचे आहेत. उजवी बाजू कागदाने झाकली की स्वतःचीच तोंडी परीक्षा घेता येते. खालच्या चौकोनात सारांश लिहायचा मला कंटाळा. तिथे खटल्याचं नाव आणि साल जातं. नानावटी, १९६१.

साध्या रजिस्टरात पट्टीने हे आखता येतंच. माझी मैत्रीण तसंच करते आणि माझ्या ११० रुपयांना हसते. हसू दे. सर आत आल्यावर पट्टी कोण शोधत बसणार?

कागद मात्र पातळ. मे महिन्यात कूलरसमोर बसलं की पान दमट होऊन लुळं पडतं आणि जेल पेनची शाई मागच्या बाजूला उमटते. बॉलपेनने निभतं. तारेचं टोक नीट वळवलेलं नाही, ओढणीत अडकतं. त्यावर सेलोटेप लावून टाका.

"काका, जाड कागदाचं नाही का?"

"येते ना, पण मंग दीडशे पडते तुले."

दीडशे जास्तच होतात. पण पुढच्या सेमिस्टरला जाड कागदाचंच घेणार, कारण जेल पेन काही सुटत नाही. सध्याच्या रजिस्टरला पाचपैकी साडेतीन.