स्वतःचे हाड की कुपीतले दाणे?
दात काढून वर्ष उलटले की जबड्याचे हाड झिजून अरुंद होते आणि इम्प्लांटचा (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा) स्क्रू धरायला अनेकदा पुरेशी जागा उरत नाही. अशा वेळी सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंतच्या दवाखान्यांत तिथे हाडाची भर घालण्यासाठी रुग्णापुढे सहसा दोन पर्याय ठेवले जातात.

पहिला पर्याय रुग्णाच्याच हाडाचा. ते अक्कलदाढेमागून किंवा हनुवटीतून काढतात. त्यात जिवंत पेशी असल्याने ते साधारण ४ ते ६ महिन्यांत रुजते. मात्र दुसरी जखम सोसावी लागते, हनुवटीला काही काळ बधिरपणा राहू शकतो आणि लावलेल्या हाडाचा काही भाग विरघळतो.

दुसऱ्यात कुपीतून येतात खडीसाखरेच्या भरड चुऱ्यासारखे दिसणारे पांढरे दाणे. ते बहुधा गाय-बैलाच्या हाडातील सेंद्रिय अंश काढून केलेले असतात (अनेक घरांत ही बाब महत्त्वाची ठरते, म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारलेले बरे). हे दाणे स्वतः हाड घडवत नाहीत, केवळ सांगाडा पुरवतात. त्यामुळे थांबावे जास्त लागते, पण भरलेला आकार टिकतो.

वरच्या जबड्यात सायनसखाली (गालाच्या हाडातील हवेच्या पोकळीखाली) भर घालायची असेल तर मला दाणेच योग्य वाटतात. हाडाची रुंदी बरीच वाढवायची असल्यास मात्र स्वतःचे हाड, किंवा दोन्हींचे मिश्रण, अधिक भरवशाचे. सिगारेट सुटत नसेल तर दोन्हींत जखम भरायला अडचण येते.