मतदारसंघ कोणी आखावेत? आयोवा, ओहायो आणि मिशिगन

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की राज्य विधिमंडळांचे मतदारसंघ नव्याने आखतात. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळच करतं. म्हणजे ज्यांना पुन्हा निवडून यायचंय, त्यांच्याच हातात पेन्सिल. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ साली डेमोक्रॅटिक पक्षाला विधानसभेची जवळपास ५३ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या ९९ पैकी ३६. सत्ता बदलली की महापालिकेची प्रभागरचना कशी बदलते हे मुंबई-पुण्यात पाहिलेल्यांना यात फारसं नवल वाटणार नाही.

पक्षीय फायद्याच्या अशा आखणीत केंद्रीय न्यायालयं पडणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं. त्यामुळे सुधारणा व्हायची ती राज्याराज्यांत, बऱ्याचदा थेट मतपत्रिकेवर मतदारांपुढे हो-नाहीचा प्रस्ताव ठेवून. तिकडे मतदार असलेल्या मराठी मंडळींपुढे असा प्रस्ताव आलाच, तर हो म्हणायचं की नाही हे ठरवायला तीन राज्यांचा अनुभव पुरेसा बोलका आहे.

आयोवाची पद्धत सगळ्यात स्वस्त आणि शांत. १९८० च्या कायद्यानुसार नकाशा विधिमंडळाच्या सेवेतले बिगरपक्षीय कर्मचारी काढतात. विद्यमान आमदार कुठे राहतो, मागच्या निवडणुकीत कोणाला किती मतं पडली, हे त्यांनी बघायचंच नाही. विधिमंडळ नकाशा मंजूर करतं किंवा फेटाळतं. पहिल्या दोन नकाशांत आमदारांना मनासारखे फेरफार करता येत नाहीत. २०२१ मध्ये सिनेटने पहिला नकाशा परत पाठवला आणि दुसरा मंजूर झाला. फट आहे ती तिसऱ्या नकाशात: तिथे इतर कोणत्याही विधेयकासारख्या दुरुस्त्या करता येतात. आयोवाच्या राजकारण्यांनी आजवर ती फट वापरलेली नाही, पण हा त्यांचा संयम झाला, कायद्याची ताकद नव्हे. शिवाय नि:पक्षपाती नकाशा म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा असंही नाही. तिथे रिपब्लिकन पक्षाचं दणदणीत बहुमत आहेच.

ओहायोचं प्रकरण मात्र नीट समजून घ्यावं असं आहे. तिथल्या मतदारांनी २०१५ साली ७१ टक्के मतांनी मतदारसंघ आखणारा आयोग मंजूर केला. सदस्य सात: गव्हर्नर, राज्याचे लेखापरीक्षक, सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुकांचं काम पाहणारे पदाधिकारी) आणि विधिमंडळातल्या नेत्यांनी नेमलेले चौघं. आयोगात राजकारणीच बसणार, हे नियमातच होतं. विरोधकांची दोन मतं मिळाली तर नकाशा दहा वर्षं चालणार, नाहीतर साध्या बहुमताने चार वर्षं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये विधिमंडळाचे नकाशे एक-दोनदा नव्हे, पाच वेळा रद्द केले. आयोगाने दाद दिली नाही, कारण न्यायालयाला नकाशा रद्द करता येत होता, स्वतःचा लादता येत नव्हता. शेवटी निवडणूक तोंडावर आली म्हणून केंद्रीय न्यायालयाने त्या रद्द झालेल्यांपैकीच एक, तिसरा नकाशा लागू केला. वेळकाढूपणाला बक्षीस मिळालं, दुसरं काय!

मग २०२४ मध्ये १५ नागरिकांच्या आयोगाचा प्रस्ताव आला. आधीच्या निकालांत निर्णायक ठरलेल्या, स्वतः रिपब्लिकन असलेल्या निवृत्त मुख्य न्यायाधीश मॉरीन ओ'कॉनर त्याच्या पाठीशी उभ्या होत्या. पण मतपत्रिकेवरचा मजकूर राज्याच्या मंडळाने असा लिहिला की नवा आयोगच पक्षीय आखणी करायला बांधील असेल. प्रस्ताव पडला.

मिशिगनने २०१८ मध्ये राजकारण्यांना पूर्ण बाहेर ठेवलं. अर्ज केलेल्या नागरिकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच अपक्ष. नकाशाला बहुमत हवंच, शिवाय तिन्ही गटांतून किमान दोघांची संमती. २०२२ मध्ये डेमोक्रॅट्सनी दोन्ही सभागृहं निसटत्या बहुमताने जिंकली आणि २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृह रिपब्लिकनांनी परत घेतलं. मला तरी हे नकाशा ठीक असल्याचं लक्षण वाटतं. पण नवशिके लोक चुकतातही. बेळगावचे श्री ठाणेदार २०२० साली ज्या डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले, त्याच शहराच्या परिसरातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून केंद्रीय न्यायालयाने २०२३ च्या अखेरीस रद्द केले. कृष्णवर्णीय वस्त्या उपनगरांना जोडून पातळ केल्याची तिथल्या मतदारांची तक्रार होती. आयोगाला ते पुन्हा आखावे लागले.

तरीही निवड करायची तर मी मिशिगनकडे झुकेन. तिथली चूक न्यायालयात दुरुस्त झाली. ओहायोत न्यायालयच हतबल ठरलं. आयोवाची पद्धत चुरशीच्या, मिश्र वस्तीच्या मोठ्या राज्यात टिकेल याची खात्री मला नाही. प्रस्ताव हाती आला की आयोगाचं गोंडस नाव सोडा आणि दोन कलमं शोधा: सदस्य कोण नेमतं, आणि एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा.

न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये मात्र सह्या गोळा करून असा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणण्याची सोयच नाही. न्यू जर्सीत आखणीच्या आयोगावर दोन्ही पक्षांचे पाच-पाच सदस्य बसतात आणि अडलं तर राज्याचे मुख्य न्यायाधीश अकरावा नेमतात. टेक्सासमध्ये आखणी विधिमंडळाची. ते अडलं तर लेफ्टनंट गव्हर्नर, सभापती आणि आणखी तीन पदाधिकाऱ्यांचं मंडळ ती करतं. तिथे राहणाऱ्यांना आपल्या आमदारालाच गाठावं लागेल.