कडप्प्याचा ओटा, सुताराचं प्लाय की कारखान्याचं मॉड्युलर?

स्वयंपाकघर नव्याने करायचं तर सोलापुरात तीन पर्याय असतात. जुना कडप्प्याचा ओटा ठेवून त्यात ट्रॉल्या आणि दारं बसवायची, सुतार घरी बोलावून प्लायची कपाटं करून घ्यायची, नाहीतर कारखान्यात कापून आलेलं मॉड्युलर बसवायचं. लोक आधी लॅमिनेटचा रंग निवडतात. माझं म्हणणं, आधी पाणी बघा.

आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. आलं त्या दिवशी पिंप, कळशा, पातेली सगळं भरून ठेवायचं, आणि तेव्हा ओट्याखाली पाणी सांडतंच. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी सिंकखालचा बॉक्स पार्टिकल बोर्डाचा होता. दुसऱ्या वर्षी त्याची खालची कड फुगली, लॅमिनेट सुटलं, दार घासायला लागलं. बिजागरीचा स्क्रू पिळायला गेलो तर तो नुसताच फिरला आणि बोटाला ओला भुसा लागला. लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेला तो बोर्ड, एकदा फुगला की परत बसत नाही.

कडप्प्याला पाण्याचं भय नाही, वाळवीचंही नाही. अडचण एकच, खण ठरलेले असतात, म्हणून ट्रॉल्या मापाने करून घ्याव्या लागतात. त्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या घ्या. २०२ स्वस्त पडतं, पण ओलीत लवकर गंजतं.

सुताराची खरी किंमत पेठेतल्या जुन्या घरात कळते. तिथे भिंती काटकोनात नसतात. चांगला मिस्त्री भिंतीच्या बाकाप्रमाणे फळी तासून बसवतो, कारखान्याचा चौकोनी बॉक्स तिथे फट सोडतो आणि मग पट्टी मारून ती झाकावी लागते. मात्र प्लाय स्वतः बघून आणा. शीटवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का हवा, म्हणजे बीडब्ल्यूपी, बॉइलिंग वॉटर प्रूफ. हे प्लाय ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीला टिकावं लागतं. साधं एमआर ग्रेडचं, म्हणजे नुसती दमट हवा सोसणारं कमर्शिअल प्लाय वरच्या कपाटांना चालेल, सिंकखाली नको. आणि तीन-चार आठवडे घरात भुसा उडणार, हे धरून चाला.

कारखान्याचं काम एका बाबतीत सरस आहे. कडेची पट्टी मशीनने गरम डिंकात दाबून बसवलेली असते. हाताने चिकटवलेली पट्टी आपल्या मे महिन्यात, पारा बेचाळिशीला टेकला की, कोपऱ्यात सुटू लागते. बसवायलाही दोन-तीन दिवस पुरतात. फक्त कोटेशन नीट वाचा. रनिंग फुटाच्या, म्हणजे ओट्याच्या लांबीवर लावलेल्या दरात ट्रॉल्या, बिजागऱ्या, हँडल धरलेत की वेगळे लावणार, ते लिहून घ्या.

टाकीचं पाणी चोवीस तास असलेल्या नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर खुशाल घ्या, पण सिंकखालचा बॉक्स बीडब्ल्यूपीचा आणि पीव्हीसी पायांवर उचललेला मागा. पाणी साठवून दिवस काढणाऱ्या घराला मी खाली कडप्पा आणि ट्रॉल्या, वर सुताराचं प्लाय असंच सांगेन.

आणखी एक. आईची भाकरीची परात आमच्या ट्रॉलीत अर्ध्या इंचाने बसली नाही, कडक भाकरीचा डबाही बाहेरच राहिला. मिस्त्री माप घ्यायला येईल त्या दिवशी दोन्ही काढून ओट्यावर ठेवा, आणि त्यांचं माप त्याच्या वहीत लिहायला लावा.