पेट्रोल मुरलेली जमीन: पाणी उपसून साफ करायचं की निसर्गावर सोडून लक्ष ठेवायचं?

जमिनीतली टाकी गळली आणि जवळच्या विहिरीला पेट्रोलचा वास यायला लागला की एक जण सांगतो सगळी माती उकरा, पाणी उपसून फिल्टर करा, आणि दुसरा सांगतो काहीच करू नका, जमिनीतले जिवाणू खाऊन टाकतील. दुसऱ्याचं स्वस्तात पडतं म्हणून लोक त्याचंच ऐकतात, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते, कारण तो अर्धंच सांगतो.

जिवाणू खातात हे खरंय. पेट्रोलमधलं बेंझिन, टोल्युइन ते मोडतात, आधी पाण्यातला ऑक्सिजन वापरून, तो संपला की नायट्रेट, मग लोह, सल्फेट, शेवटी मिथेन तयार होतो. यावर भरवसा ठेवून नियमित नमुने घेत राहायचं याला मॉनिटर्ड नॅचरल ॲटेन्युएशन म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९९ मध्ये याची मार्गदर्शक सूचना काढली तेव्हाच स्पष्ट केलं होतं की हे म्हणजे हात बांधून बसणं नाही, गळतीचं मूळ काढायचं, मोजत राहायचं आणि जमलं नाही तर दुसरा उपाय तयार ठेवायचा.

दोन्ही पद्धती एकाच जागी बघायच्या तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं बेमिजी बघा. ऑगस्ट १९७९ मध्ये तिथे पाइपलाइन फुटून साधारण १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं, बरंचसं गोळा केलं तरी ४ लाख लिटरच्या आसपास वाळूत मुरलं. विरघळलेला भाग भूजलाबरोबर पुढे सरकला खरा पण पाण्याच्या वेगाने नाही, वाटेतच जिवाणूंनी मोडला. मग १९९९ ते २००४ मध्ये पंप लावून एक लाखावर लिटर तेल उपसलं, आणि पुढे काही वर्षांत बोअरमधल्या पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या थराची जाडी पुन्हा जवळपास होती तिथे आली! कारण वाळूच्या कणांत अडकलेलं तेल पंपाला येतच नाही. पण निसर्गाचीही किंमत आहे, लोह विरघळताना मातीतलं आर्सेनिक सुटून पाण्यात आलं, पिण्याच्या पाण्याच्या १० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या कितीतरी वर.

त्यामुळे माझं मत असं: टाकी बदललीय, वर तरंगणारं पेट्रोल काढलंय, माती वाळूची आहे आणि पाण्याच्या वाटेवर कुणाची विहीर नाही, तर लक्ष ठेवत थांबा, पंपाच्या वीजबिलात आणि कार्बन फिल्टरमध्ये वर्षानुवर्षं पैसे घालू नका. पण पुढच्या विहिरीचं पाणी घरात जात असेल तर उपसाच, निदान दूषित पाणी तिकडे ओढलं जाणार नाही एवढ्यासाठी, आणि त्या घराला आजच दुसरं पाणी द्या. उकरणं फक्त उथळ, छोट्या डागाला परवडतं.

कारखान्यातलं ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे धातूवरचं ग्रीस धुवायचं रसायन असेल तर थांबण्याआधी दहादा विचार करा, ते अर्धवट मोडून विनाइल क्लोराइडवर अडकू शकतं आणि ते कॅन्सरकारक आहे. क्रोमियम हा धातू तर मोडतच नाही, फक्त रूप बदलतं.

आपल्याकडे अजून एक अडचण म्हणजे काळा पाषाण. पाणी भेगांतून आणि मुरमातून जातं, म्हणजे टाकीजवळचा बोअर स्वच्छ निघतो आणि लांबच्या विहिरीला वास येतो, तीन बोअर मारून नकाशा काढला असं कुणी म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही.

नमुना घेताना स्वतः उभे राहा. ४० मिलीची काचेची बाटली काठोकाठ भरून झाकण लावतात, उलटी करून बोटाने टिचकी मारतात, आत बुडबुडा दिसला तर तो नमुना टाकून नवा घ्यायचा कारण बेंझिन त्या हवेत उडून रिपोर्ट उगाच चांगला येतो. बादलीत काढलेलं नितळ पाणी थोड्या वेळाने गंजासारखं पिवळं पडलं तर खाली लोहावर जगणारे जिवाणू कामाला लागलेत असं समजायला जागा आहे, पण खात्री लॅबचीच.

आणि फक्त एका रिपोर्टवर काही ठरवू नका. उन्हाळ्यात पातळी खाली जाते तसं पेट्रोलही खाली मातीला चिकटतं, पावसाळ्यानंतर पाणी वर चढलं की तेच परत विरघळतं, म्हणून मे आणि ऑक्टोबर दोन्हीचे नमुने हवेत, सलग दोन-तीन वर्षं तरी.