सौर वेधशाळांचे जुने संग्रह ऑनलाइन पाहताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या आधी घर आवरताना अण्णांची एक लांब वही हाती लागली. अण्णा सोलापुरातील एका कापड गिरणीत कामाला होते. रात्रपाळी करून आले की झोपण्यापूर्वी ते माळवदावर जात, अडीच इंची दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडत आणि तिच्यातील डाग पेन्सिलीने उतरवून घेत. वहीच्या प्रत्येक पानावर कंपासने काढलेले पंधरा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आहे आणि खाली तारीख, वेळ व ‘ढग नाहीत’ किंवा ‘वारा फार’ अशी एखादी ओळ आहे. मार्च १९८९ च्या पानांवर मात्र करंगळीच्या नखाएवढा डाग काढलेला दिसला. सौरडाग इतका मोठा असू शकतो, हे मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असूनही मला पटेना. अण्णा आता नाहीत, त्यामुळे विचारणार कोणाला? त्या दिवशीचा सूर्य प्रत्यक्ष पाहणे हाच एक मार्ग होता, आणि त्यासाठी मी सौर वेधशाळांचे ऑनलाइन संग्रह वापरू लागले. आज त्याला आठ महिने झाले आहेत.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात आली. सूर्याची जी झळाळती चित्रे आपण सर्वत्र पाहतो, ती बहुतेक अवकाशातील वेधशाळांची असतात आणि त्यांची मजल फार मागे जात नाही. सोहो ही वेधशाळा २ डिसेंबर १९९५ रोजी अवकाशात गेली, तर सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे एसडीओ, ११ फेब्रुवारी २०१० रोजी. १९८९ चा सूर्य हवा असेल तर जमिनीवरच्या दुर्बिणींकडेच यावे लागते, आणि आपल्याकडे त्यासाठी कोडईकनालसारखे दुसरे ठिकाण नाही.

कोडईकनालची सौर वेधशाळा १८९९ मध्ये सुरू झाली आणि आज ती बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या अखत्यारीत आहे. सौरडागाच्या कडेच्या फिकट भागातून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो, हे जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये येथेच शोधले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून येथे सूर्याची छायाचित्रे नियमितपणे घेतली गेली: साध्या पांढऱ्या प्रकाशातील, कॅल्शियमच्या के रेषेतील (म्हणजे त्या मूलद्रव्याच्या एका ठरावीक रंगाच्या प्रकाशातील) आणि १९१२ पासून हायड्रोजन-अल्फा रेषेतीलही. त्या काचपट्ट्या आणि फिल्म आता ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलच्या कॅमेऱ्याने डिजिटल करून संकेतस्थळावर उपलब्ध करून दिल्या आहेत. आपल्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ कोणीतरी रोज सकाळी दुर्बीण सूर्याकडे वळवत राहिले आणि त्या सकाळी आज सोलापूरच्या घरात बसून उघडता येतात, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

सोलापूरकरांसाठी या संग्रहाला आणखी एक महत्त्व आहे. सोलापूर सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि कोडईकनाल साडेसत्त्याहत्तरवर. दोन्ही ठिकाणच्या माध्यान्हीत जेमतेम सहा मिनिटांचे अंतर पडते. अण्णांनी सकाळी साडेआठला जो सूर्य कागदावर पाडला, जवळजवळ तोच सूर्य त्या सकाळी कोडईच्या डोंगरावरील दुर्बिणीतही दिसत होता. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेची हाताने काढलेली सौरडागांची चित्रे १९१७ पासूनची आहेत. तीही ऑनलाइन पाहता येतात आणि अतिशय देखणी आहेत, शिवाय डागांचे चुंबकीय ध्रुवही त्यांवर लिहिलेले असतात. पण तेथील सकाळ आपल्यापेक्षा सुमारे बारा-तेरा तास उशिरा उजाडते. डाग दिवसाला साधारण तेरा अंश सरकतात, म्हणजे एकाच तारखेच्या दोन चित्रांत सहा-सात अंशांचा फरक आधीच पडलेला असतो. हे कळेपर्यंत माझे दोन आठवडे वाया गेले.

मार्च १९८९ च्या त्या आठवड्यातील पांढऱ्या प्रकाशातील चित्रे उघडली तेव्हा डाग तेथे होता. मात्र तो अण्णांच्या वहीतील जागी नव्हता. वहीत ८, ९, १० आणि १२ मार्चची पाने आहेत आणि त्यांत डाग उजवीकडून डावीकडे सरकताना दिसतो. संग्रहातील चित्रांत, उत्तर वर ठेवली असता, तो डावीकडून उजवीकडे जातो. याचा अर्थ अण्णांच्या कागदावरील प्रतिमेत डावे-उजवे उलटलेले होते, आणि दुर्बिणीतून थेट कागदावर पाडलेली प्रतिमा समोरून पाहिली की असे होतेच. मी चारही पाने ट्रेसिंग पेपरवर उतरवून तो कागद पालथा केला. तरीही डाग जुळेना, कारण एक कोन उरला होता. अण्णा दुर्बीण स्थिर ठेवून डाग कोणत्या दिशेला वाहत जातो ते पाहत आणि त्यावरून पानावर पूर्व-पश्चिम रेषा आखत. ती रेषा आकाशाची असते, सूर्याची नव्हे. सूर्याचा अक्ष वर्षभर आपल्याला डावी-उजवीकडे कललेला दिसतो आणि मार्चच्या मध्याला हा कल पश्चिमेकडे सुमारे २३ ते २४ अंश असतो. संग्रहातील संस्कारित चित्रे हा कल काढून टाकून, सूर्याचा उत्तर ध्रुव वर ठेवून दिलेली असतात. कोनमापक लावून कागद तेवढा फिरवला आणि डागावर डाग बसला. १२ मार्च, रविवार, गिरणीला सुट्टी. त्या पानावरील डागाची शेपटीसारखी पूर्वेकडील बाजूसुद्धा जुळली. अण्णांचा हात कोठेही सुटलेला नव्हता.

तो डाग साधा नव्हता, हे नंतरच्या वाचनातून कळले. अमेरिकी यादीत ५३९५ क्रमांक असलेला, सूर्याच्या उत्तर गोलार्धात सुमारे ३५ अक्षांशावरचा हा गट ६ मार्चला पूर्व कडेजवळ असतानाच त्यातून एक अतितीव्र सौरज्वाला उसळली होती. १३ मार्चच्या चुंबकीय वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजपुरवठा दीड मिनिटात कोसळला आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. तेथे पहाटेचे पावणेतीन होत आले होते आणि आपल्याकडे दुपारचा सव्वा वाजला होता. अण्णांनी १२ तारखेचे पान पुरे केल्यापासून एकोणतीस तासही झाले नव्हते.

या संग्रहातील जुन्या चित्रांविषयी एक व्यावहारिक सूचना करते. काचपट्टीवर धूळ, ओरखडे आणि रसायनाचे ठिपके असतात आणि नवख्या डोळ्याला ते सौरडागच वाटतात. शंका आली की त्याच दिवसाचे कॅल्शियम-के रेषेतील चित्र शेजारी उघडावे. या रेषेत दीप्तिगोलाच्या, म्हणजे सूर्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या, वरचा थर दिसतो आणि खऱ्या डागाभोवती उजळ, ढगासारखा पट्टा असतो. धुळीच्या कणाभोवती तसे काही नसते. दुसरे, कच्ची आणि संस्कारित अशा दोन्ही प्रकारांची चित्रे असतील तर नुसते पाहण्यासाठी व दिशा जुळवण्यासाठी संस्कारित घ्यावीत. कच्च्या चित्रात काचपट्टी कशी ठेवली गेली त्यानुसार दिशा बदलू शकते.

फाइलींबद्दलही लिहायला हवे, कारण येथेच अनेक जण कंटाळून सोडून देतात. वैज्ञानिक चित्रे फिट्स या स्वरूपात मिळतात. साधा फोटो पाहण्याचा प्रोग्राम ती उघडत नाही. मी डीएस९ हा मोफत प्रोग्राम वापरते. त्यात फाइल प्रथम उघडली की पडदा बहुधा काळाच दिसतो आणि डाउनलोड बिघडले असे वाटते, पण तसे नसते. स्केलच्या यादीत लॉग निवडले की सूर्य उजळून येतो. चित्राबरोबर येणारा हेडर, म्हणजे माहितीचा मजकूर, नक्की वाचावा, कारण वेध केव्हा घेतला ती वेळ त्यात असते आणि फाइलीच्या नावापेक्षा मी तिच्यावर अधिक विसंबते. ४०९६ पिक्सेलचे सोळा बिटी चित्र सुमारे ३२ एमबी भरते, म्हणजे रोजचे एक धरले तरी वर्षाला बारा जीबी होतात. आमच्या भागातील इंटरनेट दुपारी वारंवार तुटते, म्हणून मी रात्री अकरानंतर एकेका महिन्याची चित्रे उतरवून घेते आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवते.

वेळेचा गोंधळ सर्वांचाच होतो. जवळजवळ सर्व संग्रह जागतिक प्रमाणवेळ वापरतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. सोलापुरात सकाळी नऊला पाहिलेल्या सूर्याचे चित्र साडेतीनच्या नोंदीखाली शोधावे लागते.

अलीकडच्या सूर्यासाठी मी हेलिओव्ह्यूअर हे संकेतस्थळ सर्वाधिक वापरले. एसडीओ, सोहो आणि इतर वेधशाळांची चित्रे तेथे एकमेकांवर ठेवून पाहता येतात आणि हव्या त्या कालावधीचा चित्रपट तयार होतो. मोबाइलवरही ते चालते. वर्गात दाखवण्यासाठी याहून सोयीचे साधन मला सापडलेले नाही. मात्र तेथील चित्रे पाहण्यासाठी आकुंचित केलेली आहेत. मोजमाप करायचे तर मूळ फिट्स फाइलीच घ्याव्यात. रंगही खरे नसतात: १७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची सोनेरी छटा सुमारे सहा लाख केल्विनच्या वायूसाठी आणि ३०४ ची लाल छटा पन्नास हजारांच्या आसपासच्या वायूसाठी ठरवून दिलेली आहे. मुलांना हे आधीच सांगितले नाही तर सूर्य लाल असतो अशी समजूत पक्की होते.

मार्चमधील एका दुपारचा प्रसंग सांगायलाच हवा. शाळेच्या गच्चीवर आठवीच्या मुलींनी साडेबाराच्या सुमारास कागदावर सूर्य पाडला. त्याच क्षणाचे एसडीओचे चित्र शेजारी ठेवावे म्हणून मी सातची नोंद उघडली, तर चौकट संपूर्ण काळी. दुसऱ्या दिवशीही तेच. ‘बाई, तिथे सूर्यग्रहण लागलंय का?’ असे एका मुलीने विचारले आणि तिचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. एसडीओ १०२ अंश पश्चिम रेखांशाच्या परिसरात पृथ्वीबरोबर फिरते. आपण ७६ अंश पूर्वेला आहोत, म्हणजे आपल्या आणि तिच्या रेखांशात १७८ अंशांचे अंतर आहे. ती जवळजवळ नेमकी आपल्या पाठीमागे, पृथ्वीच्या पलीकडे असते. फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुमारे तीन-तीन आठवडे पृथ्वी रोज तिच्या आणि सूर्याच्या मध्ये येते, आणि हे ग्रहण जास्तीत जास्त ७२ मिनिटे टिकते. सोलापूरच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हाच तिला आपली पृथ्वी आडवी येते. त्या दिवसांत दुपारचे वेध ताडून पाहायचे असतील तर अकराच्या आधीची किंवा दीडनंतरची चित्रे घ्यावीत, किंवा सोहोकडे जावे. सोहो पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला असल्याने तिच्या आड पृथ्वी येत नाही. तिचा सूर्यबिंब झाकून भोवतालचा करोना, म्हणजे सूर्याचे विरळ बाह्य वातावरण, दाखवणारा कॅमेरा धूमकेतू शोधणाऱ्या हौशी लोकांमध्ये विशेष प्रिय आहे.

आदित्य-एल१ या भारताच्या अवकाशातील सौर वेधशाळेचा डेटा इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतो. त्यातील सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली आहे आणि २०० ते ४०० नॅनोमीटर या अतिनील पट्ट्यात अकरा गाळण्यांमधून ती सूर्य पाहते. ज्याला फिट्स फाइलींची सवय झाली आहे, त्याने हा डेटा अवश्य उघडावा. अगदी नवख्याने मात्र येथून सुरुवात करू नये.

माझ्या मते हौशी निरीक्षकाने आधी स्वतः कागदावर सूर्य पाडून निदान पंधरा दिवस डाग उतरवावेत आणि मगच संग्रह उघडावा. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे मुलांना दरवेळी बजावावे. स्वतःचे पान हाती असले की शोधायचे काय ते ठाऊक असते. नाहीतर लाखो चित्रांत माणूस हरवून जातो.

अण्णांच्या वहीत फेब्रुवारी १९८० चीही पाने आहेत. १६ फेब्रुवारीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या दक्षिणेला कर्नाटकातून गेला आणि सोलापुरातून ते खंडग्रास दिसले. त्या दिवशी अण्णांनी एकाच कागदावर सात वेळा चंद्राची कडा आखून ठेवली आहे आणि त्या कडेखाली झाकले जाणारे डाग क्रमांक घालून लिहिले आहेत. सध्या त्या पंधरवड्यातील कोडईकनालची चित्रे उतरवणे चालू आहे. ट्रेसिंग पेपर आणून ठेवला आहे.